थांब बापा, दार वाजायलंय

याकोबमामा देवाला थांबवून ठेवायचे. प्रार्थनेची सुरुवात झकास व्हायची. डोळे मिटून, हात जोडून, "हे स्वर्गातल्या बापा" म्हणून आवाज लावला की गावातले आजारी, गाभण म्हशी, परीक्षेला बसलेली पोरं, कुणालाही सोडायचे नाहीत. पण "आमेन" अगदी ओठांवर आलं की डोळे खाडकन उघडत.

"थांब बापा. दार वाजायलंय."

आणि उठून चालू लागायचे! जणू देव या शिंप्याकडं सदऱ्याचं माप द्यायला आला होता.

दार उघडलं की बाहेर कुणी नसायचं. मामांचं तांबडं कुत्रं तेवढं उंबऱ्यात आडवं पडलेलं, तेही मान वर करायचं नाही. मामा मात्र रिकाम्या अंगणाकडं बघून म्हणायचे, "या की अक्का. कामून बाहीरच उभ्या राहिलाव?" थोडा वेळ वाट बघायचे. मग दार हळूच ओढून घ्यायचे. कडी घालायचे नाहीत.

ठाणाकुशनूरच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मामांच्या शिलाईच्या दुकानासमोरच मी खोली घेतली. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच भूतबीत, अंगातबिंगात सगळं घराबाहेर काढलं होतं. त्यामुळं मला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. तरी वाटायची. खोटं कशाला बोलू?

एकदा दिवेलागणीला मामांनी जेवायला बोलावलं. ताटात गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. मामांनी आशीर्वाद मागायला सुरुवात केली आणि ठरल्याप्रमाणं मध्येच उठले. त्यांच्या बायकोनं, एस्तेरअक्कांनी, माझी भाकरी परत तव्यावर टाकली. त्या घरात सगळं दोनदा गरम व्हायचं.

मी म्हटलं, "मामा, वारा असेल हो."

"वाऱ्याच्या हातात बांगड्या असत्यात व्हय, मास्तर?"

ती भाकरी मला काही गेली नाही.

नाताळात तर कहरच झाला. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये शेवटची प्रार्थना मामांना करायला सांगितली. इतक्या वर्षांचा अनुभव असून हा माणूस असा धोका का पत्करतो, देव जाणे. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मामांचा आवाज चढत चढत गेला आणि बंद पडला. लोक ताटकळले. मागं कुणीतरी घोरायलाही लागलं. शेवटी पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून बघितलं तर मामा पार दारात उभे. त्यांनी घाईघाईनं स्वतःच "आमेन" म्हणून टाकलं.

मामा जाम चिडले. "तुमी कामून संपवलाव? ती अजून बाहीरच हाय की!"

सगळ्या चर्चनं एकदम वळून दाराकडं बघितलं. पुढं कित्येक रविवार दाराजवळच्या बाकावर कुणी बसायला तयार होईना.

मीही हसलोच होतो. पण एका सुट्टीच्या दुपारी माझ्या धाकट्या मुलीला तापात झटका आला. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली. सगळी गल्ली झोपलेली. मी धावत जाऊन मामांच्या दारावर थाप मारली. दुसरी मारायला हात उचलला तो दार उघडलेलं! गळ्यात टेप, पायात काही नाही. विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून. पोरीला उचललं, रस्त्यावर मधोमध उभे राहून ट्रक अडवला आणि थेट औरादचा दवाखाना गाठला. पोरगी वाचली.

येताना मी म्हणालो, "मामा, तुमच्यासारखं दार कुणी उघडत नाही."

तसा हा माणूस भर बसमध्ये ढसाढसा रडायला लागला, आणि रडत रडतच सांगू लागला.

शेजारच्या पडक्या घरात पूर्वी नरसम्मा राहायची. तेलुगू बोलणारी, एकटी बाई. रोज संध्याकाळी नेमकी प्रार्थनेच्या वेळेला विस्तव मागायला यायची आणि मामांचं डोकं फिरायचं. "त्या दिवशी वाजवत राह्यली, मास्तर. मी म्हन्लो, देवाशी बोलायलोय, थांबू दे तिला. उलट आवाज चढवलो. मुद्दाम लांबवलो प्रार्थना. आमेन म्हनून दार उघडलो तर उंबऱ्याला टेकून बसलेली. हात दारावरच. छातीत कळ आली असंल. संपली होती."

गळ्यातला टेप काढून ते बोटाला गुंडाळू लागले.

"देव थांबतोय हो. त्यो कुठं मरतोय? मानूस थांबत न्हाई. आता रोज येतीया, पन आत येत न्हाई. ती एकदा आत येऊन बसली का मग म्हनीन आमेन. तवर मला त्यो हक्क न्हाई."

त्यानंतर मी मामांना कधी हसलो नाही.

मामा शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज शाळेतून परस्पर तिकडं जायचो. त्या संध्याकाळी पाळकसाहेब बाजेशेजारी प्रार्थना करत होते. एस्तेरअक्का उशाशी. प्रार्थना संपत आली आणि मामांनी डोळे उघडले. उठायला गेले, जमेना.

"थांब बापा," ओठ हलले. "दार..."

पाळकसाहेब थांबले. आम्हांला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. एस्तेरअक्कांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी उठलो. दार उघडलं. अंगण रिकामं. तरी म्हणालो, "या अक्का. आत या."

उंबऱ्यात पडलेलं तांबडं कुत्रं उठलं. वाट द्यावी तसं बाजूला झालं. त्याची नजर माझ्याजवळून हळूहळू आत गेली आणि बाजेपाशी थांबली.

मामांनी पाय आखडून घेतले. बाजेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

"बसा अक्का," ते म्हणाले. मग पाळकसाहेबांकडं वळले. "करा आता पुरी."

पाळकसाहेबांनी प्रार्थना पूर्ण केली. आणि मामा "आमेन" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

दार लावायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.