दोन बोटं पहाडी

आमच्या घराले लागून महागूचं घर. त्याच्या कुडावर एक फळी ठोकली आहे अन् फळीवर बाटल्या उभ्या आहेत. क्वार्टरच्या, खोकल्याच्या औषधाच्या, एक तेलाची. सगळ्यांत पाणी अन् पाण्याखाली गाळ. पाऊस पडला की महागू युरियाच्या पोत्याचा घोंगता डोक्यावर घेऊन नाल्यात उतरतो, बाटली भरतो, फळीवर ठेवतो अन् गाळ बसेपर्यंत समोर उकिडवा बसून राहतो. मग बोट आडवं लावून मोजतो अन् साऱ्या मोहल्ल्याले ओरडून सांगतो, "आज दोन बोटं पहाडी आली हो!"

दुसरे लोक पाऊस किती पडला ते सांगतात. हा गावामागची पहाडी किती वाहून आली ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. तरी रिकाम्या बाटल्या कुठून येतात ते मले विचारू नका. नाल्याच्या काठी सापडतात, एवढंच सांगतो. एकदा एक पोलीस जमादार गावात आला, त्यानं ती फळी पाहिली अन् खूश झाला. एक बाटली हुंगली, दुसरी हुंगली, तिसरीची चव घेतली. थू थू करत म्हणाला, "हे काय आहे बे?"

महागू हात जोडून म्हणाला, "पहाडी हाय, साहेब. तुमी आत्ता अर्धं बोट खाल्ली."

सारे हसले. मीपण हसलो. पण खरं सांगतो, मले या माणसाचा कंटाळा होता. एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ना बायको ना लेकरू, तरी जीव असा जपायचा की जसा कोणाकडून मागून आणला. पावसाळ्यात झोपतानाही पायात चप्पल. दाराशी गाठोडं बांधून तयार. शेळी ओरडली तरी आधी पहाडीकडं पाहायचा. जेवायले बोलावलं तर तोंड पहाडीकडं करूनच बसायचा. माझी बायको भागरथा म्हणायची, "महागूभाऊ, भात थंडा होऊन राह्यला. पहाडी कुठी जात नाई."

तो म्हणायचा, "जात नाई वयनी. येते."

मोहाच्या दिवसात झाडाखालचा पाला पेटवायची आमची रीत. जमीन साफ झाली की फूल वेचायले बरं पडते. महागू झाडाझाडापाशी जाऊन भांडायचा. "पाला जाळता, मंग पावसाचा थेंब कोनाच्या बापाच्या टकल्यावर पडन? बिनपाल्याची पहाडी म्हंजे बिनकवेलूचं घर!"

मी म्हटलं, "चूप बे, भितऱ्या." अन् काडी लावली. आता लिहायले लाज वाटते, पण लावली. त्यात ठेकेदारानं रस्त्यासाठी पायथ्याचा मुरूम खोदून नेला. पहाडी वरून उघडी, खालून पोखरलेली, अन् तिच्याखाली पहिलं घर माझं.

भांडून कोणी ऐकेना, तेव्हा एका उन्हाळ्यात महागूनं गावात सांगितलं की पहाडीवरच्या घळीत धोंडादेव निघाला. जाऊन पाहिलं तं खरंच, शेंदूर लावलेला दगड. "याले नारळ नोको, कोंबडा नोको," महागू सांगे. "जाता येता एक धोंडा वाहा. बारका नोको. दोन्ही हातात मावन असा."

फुकटात पावणारा देव कोणाले नको? मोहाले जाणारी, तेंदूले जाणारी, सरपणाले जाणारी, हरेक बाई धोंडा वाहू लागली. पाहता पाहता घळीत आडवा ढीग झाला. बरं, हा देव एका जागी राहीना. दर साली नवीन घळीत निघे. असा सात जागी निघाला. कोणी विचारलं तं महागू म्हणे, "सात भाऊ हायत ते."

मी एक धोंडा वाहिला नाही. मी म्हणे, नारळ घेत नाही अन् दगड वाहायले लावते, हा देव आहे की रोजगार हमीचा मुकादम?

त्याच सुमारास आमच्या जात्याचा वरचा दगड गेला. गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं, पण ते माझ्या मायचं. मी सरळ महागूच्या दारात गेलो. "दगडचोरा, आता लोकाच्या घरातले धोंडे उचलून राह्यला का?"

त्यानं तोंड उघडलं. माझ्यामागं भागरथा येऊन उभी होती, तिच्याकडं पाहिलं अन् तोंड मिटलं. म्हणाला, "गेला असन माह्याच हातानं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

मागच्या पोळ्याच्या आधी भागरथा गेली. तापानं, चार दिवसांत. तिनं सारवलेल्या भिंतीवर तिच्या बोटांचे वळ तसेच आहेत. मी त्याच्यावर दुसरा हात फिरू दिला नाही. महागू रोज येऊन माझ्या दाराबाहेर बसायचा. मी बोलत नव्हतो, तो पहाडीकडं पाहत राहायचा. उठताना म्हणायचा, "अडीच बोटं, भाऊ." अन् जायचा.

यंदा झड लागली. चार दिवस सूर्य दिसला नाही. नाला एवढा गरजे की घरात भांडं पडलं तरी ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या हातून गिलास पडला अन् त्याचा आवाज आला. मी दचकलो. बाहेर डोकावलो. पाऊस तसाच कोसळत होता, पण नाला चूप. पाणी गुडघ्याच्या खाली गेलेलं. मी म्हटलं, बरं झालं, उतरला एकदाचा.

तेवढ्यात महागू धावत आला. हातात रिकामी बाटली. ओठ पांढरे.

"भाऊ, निघा. पानी पडून राह्यलं अन् नाला आटला. वरतं पहाडी बसली हाय नाल्यात. अडलेलं सारं आता एकदम येईन. मोहल्ला शाळेत गेला, तुमीच राह्यले."

"मी नाई येत."

"भाऊ..."

"ती या घरात मेली. मीबी इथीच मरन. तू जा, तुह्या पायात चप्पल हायच."

त्यानं एकदा पहाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग घरात घुसला, भिंतीवरचा भागरथाचा फोटो काढला अन् पळाला.

मी काठी घेऊन मागं. "थांब बे चोट्ट्या! आधी जातं नेलं, आता बायको नेतो?" शाळा उंचावर आहे. त्या चढावर मी जवानीतही एवढा पळालो नसन. पायरीपाशी त्याची मान धरली, अन् तेव्हाच आवाज आला. वरून नाही, खालून. तळपायातून पोटात चढणारा. लाल चिखल आला, त्याच्यात झाडं उभीच्या उभी चालत आली. माझा गोठा पाहता पाहता दिसेनासा झाला. घराच्या ओट्यापर्यंत चिखल चढला अन् तिथं थांबला.

माझा हात त्याच्या मानेवर तसाच होता. महागूनं डोळे गच्च मिटले होते, अन् फोटो छातीशी उलटा धरला होता, तिले दिसू नये म्हणून.

झड उघडल्यावर आम्ही दोघं वर गेलो. सातातले चार देव वाहून गेले होते. माझ्या घरावरच्या घळीतला उभा होता. शेंदूर धुऊन गेला होता, पण ढिगामागं आडवी झाडं अन् बैलाएवढे गोटे अडकून पडले होते. ढिगाच्या मधोमध, खाली, एक गोल दगड. त्याले मधात भोक.

मी तिथंच बसलो.

"वयनीनं आनला," महागू म्हणाला. "चुंबळ ठेवून, डोक्यावर. म्हने, महागूभाऊ, तुमचा देव खोटा हाय, मले पयल्याच दिवशी समजलं. पर धोंडा तं खरा हाय. आमच्या घरावरच्या घळीत जड पायजे."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"मी सांगतो म्हनलं. ती म्हने, नोका सांगू. भेव डोक्यात गेलं तं झोप जाईन त्याईची. भ्यायचं काम आपन दोघं करू."

मग तो बराच वेळ काडीनं चपलेचा चिखल काढत राहिला.

"ती गेल्यापासून एकटाच भिऊन राह्यलो, भाऊ."

खालून बाया येत होत्या. प्रत्येकीच्या हातात धोंडा. मी उठलो. दोन्ही हातात मावेल असा एक उचलला अन् जात्याच्या अंगाले ठेवला.

"हात जोडा," महागू माझ्या कानात म्हणाला. "बाया पाहून राह्यल्या."

मी जोडले. मग हळूच त्याले विचारलं, "आज सकाळी किती बोटं आली?"

"साडेतीन," तो म्हणाला, अन् आम्ही दोघंही वर पाहू लागलो.