सुरकुतलेला हुलगा

जुईलीनं डब्याचं झाकण उघडलं. डबा तिचाच, पण आतला हुलगा परका होता. टपोरा, तुकतुकीत, हळदीला निघालेल्या नवरीसारखा. तिचा हुलगा कसा किडकिडीत, सुरकुतलेला होता.

तसा तो तिनं मुद्दामच केला होता. नांदे गावातल्या या भाड्याच्या घराच्या गच्चीवर तिनं कुंड्यांतली रोपं तहानलेली ठेवली होती. पाण्यावाचून जीव कासावीस झाला की हुलग्यात कोणतं जनुक जागं होतं, दाण्यातलं औषधी प्रथिन त्यानं वाढतं का, हे तिला शोधायचं होतं. डबाभर दाणे उद्या प्रयोगशाळेत सरांपुढं ठेवायचे होते. ते गेले तर पुढचा हंगाम येईपर्यंत तिचं संशोधन बंदच.

आठवडाभर ती लातूरला आई-वडिलांकडं काय गेली, हा घोळ झाला. ती धावत खाली घरमालकीण सगुणाबाईंकडे गेली.

"बदलला म्या," सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "असला रोडका दाना सायबापुढं न्यायचा व्हय? म्हनंल, नांद्याच्या मातीत कस न्हाई. आमच्या घरात ऱ्हातीस, पोरी. आमची बी अब्रू हाय."

"आणि माझा हुलगा, काकू?"

"टाकवंना. दिग्विजयला दिला कढणाला."

दिग्विजय वरच्या मजल्यावर जुईलीच्या शेजारच्या खोलीतला, हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला. जुईली लातूरला असताना मुतखड्यानं तो गडाबडा लोळत होता, तेव्हा सगुणाबाईंनी तोच हुलगा पुरचुंडीत बांधून त्याला दिला होता. रोज शिजवून पाणी प्यायचं. चार दिवसांत दुखणं पळालं. ही वार्ता गिरणीत पोचली, गिरणीतून शेजारच्या चांदे गावी गेली. तिथून एक म्हातारबा हुलगा मागायला आले, भरे गावाहून कुणाची सासू आली. आता जुईलीनं दहा-वीस कुंड्या अजून उपाशी ठेवाव्यात, असं सगुणाबाईंचं म्हणणं होतं.

जुईली जिन्यात बसून रडू लागली. वरचं दार हळूच किरकिरलं.

"काकू खालीच आहेत ना?" दिग्विजयनं विचारलं आणि पाठीमागून पुरचुंडी पुढं केली. सगुणाबाईंनी मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

"शिजवलाच नाहीस?"

"मला चहासुद्धा धड येत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या घेत होतो. काकू रोज विचारायच्या, प्यालास का. त्यांचं तोंड बघून नाही म्हणवेना." तो खाली मान घालून म्हणाला, "सांगू नकोस हं त्यांना. आता भरे गावापर्यंत गेलंय ते."

चुकलेलं वासरू सापडावं तशी जुईलीनं पुरचुंडी छातीशी धरली. तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

सकाळी निघताना सगुणाबाईंनी तिला दारात अडवलं. "सायबाला सांग, आमच्या दिग्विजयचा खडा हुलग्यानं पाडला." तीनतीनदा तपासल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या जुईलीनं मुकाट्यानं मान डोलावली.

सरांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. "छान उपाशी ठेवलायस," ते म्हणाले.

संध्याकाळी ती हलक्या पावलांनी परतली, तर दिग्विजय सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेला. पुढ्यात तांब्याभर कढण.

"त्याचा हुलगा सरला आसंल," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हनलं, आता म्याच शिजवते आन् म्होरं बसून पाजते. रोज. तू बी बस गं, काल रडून डोळं सुजलं व्हतं तुजं."

दिग्विजयनं केविलवाण्या डोळ्यांनी जुईलीकडं पाहिलं. तिनं सगुणाबाईंनी भरून दिलेली वाटी तोंडाला लावली. टपोऱ्या हुलग्याचं गरम कढण, वर लसणाची फोडणी. कालपासून तिला पहिल्यांदाच भूक लागली होती.