डेंगळ्यांचा बंदोबस्त

कळसच्या रानात चाळीस वर्षं कांदा पिकवलेल्या महिपतरावांना बारामतीच्या फ्लॅटमध्ये एकच दुखणं होतं: इथं त्यांना कुणी काही विचारत नसे. सोसायटीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात कंदापासून फुलवलेल्या फुलांची स्पर्धा ठेवली आणि सून निकिता आपली लिलीची कुंडी त्यांच्या हवाली करून आठ दिवस ट्रेनिंगला पुण्याला गेली, तेव्हा त्यांची छाती फुगली.

"तू निर्धास्त जा. कंद म्हंजी कंद. पैला नंबर तुजाच हाय."

चौथ्या दिवशी पानांतून एक जाड दांडा वर आला. हा तर डेंगळा! कांद्याला फुलाचा दांडा आला की कांदा पोसत नाही. दिसला की मोडायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी तो कचकन मोडला. मग खालच्या द्वारकाबाईंच्या खिडकीत तोच रोग दिसला. महिपतरावांनी अख्खी इमारत पालथी घातली. आधी कंद पोसू द्या, मग टपोरं फूल येतं, असं ते ठासून सांगत. जन्माच्या शेतकऱ्यापुढं कोण बोलणार? बायकांनी चहा पाजून कुंड्या पुढं केल्या. नऊ डेंगळे मोडून ते लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी निकिता परतली आणि कळी कुठं गेली म्हणून विचारू लागली.

"कसली कळी? डेंगळा व्हता, काडला. कंद बग कसा पोसलाय."

"आबा, त्या दांड्यालाच फूल येतं."

बाकीच्या आठ कुंड्यांचं महिपतरावांनी फार हळू आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नऊ कुंड्यांत नुसती पानं होती आणि नऊ बायका दाराआड उभ्या असलेल्या महिपतरावांकडं बघत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात छबूबाई, त्यांची बायको, एक जुना डबा घेऊन आली. तिला कुणी लिलीचा कंद दिला नव्हता, म्हणून तिनं कोंब आलेला गावचा कांदा स्वयंपाकघराच्या खिडकीत लावला होता. तिथं तिचं राज्य; महिपतराव पाणी प्यायलाही विचारून जात. डब्यात हातभर उंच डेंगळा ताठ उभा होता, डोक्यावर पांढऱ्याशुभ्र फुलांचा गेंद.

पहिला नंबर एकमतानं छबूबाईला मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिपतरावांनी तर जरा जास्तच वेळ वाजवल्या, कारण मोकळे सोडले तर हात आपोआप डेंगळ्याकडं जात होते.