वय किती, शिल्लक किती

करकंबकर बाईंनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. मुलींच्या त्या शाळेत मी नवा कारकून म्हणून रुजू झालो होतो आणि आधीच्या कारकुनाचे पानाचे डाग टेबलावरून खरवडत बसलो होतो. तेवढ्यात फिकट निळ्या पातळातल्या एक उंच, हडकुळ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वय?"

"बत्तीस."

"शिल्लक?"

मला वाटलं, रजेचं विचारतायत. म्हटलं, "अजून आजच हजर झालोय, रजा कुठली शिल्लक असणार?"

"रजा नव्हे हो. पैसे. फंड, पोस्ट, बँक, सोनं, सगळं धरून."

मी गडबडून खरा आकडा सांगून टाकला. बाईंनी छताकडे बघत ओठांतल्या ओठांत गुणाकार केला. "सहा वर्षं मागे आहात," म्हणाल्या आणि तासावर निघून गेल्या.

त्या गणित शिकवायच्या. पण शाळेत त्यांची दहशत होती ती गणितामुळे नव्हे, या दोन प्रश्नांमुळे. त्यांनी स्वतः बसवलेलं एक कोष्टक होतं. तिशीला एका वर्षाचा पगार गाठीशी हवा, चाळिशीला तीन वर्षांचा, पन्नाशीला सहा वर्षांचा आणि अठ्ठावन्नाला, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी, दहा वर्षांचा. या मापाने त्या येईल त्या माणसाला मोजत. हळदीकुंकवाला गेल्या तर वाण घेताघेता नव्या सुनेला नवऱ्याचं वय विचारत. ताप आला म्हणून डॉक्टरांकडे गेल्या आणि इंजेक्शन घेता घेता डॉक्टरांनाच अकरा वर्षं मागे टाकून आल्या. आमच्या हेडबाईंचे यजमान अचानक गेले, तेव्हा समाचाराला गेलेल्या करकंबकर बाई बराच वेळ गप्प बसून होत्या. उठताना हळूच म्हणाल्या, "सत्तेचाळीस म्हणजे पाच वर्षांचा पगार हवा होता. आहे ना तेवढा?" हेडबाई पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मात्र दोन महिन्यांनी त्याच त्यांच्याकडे कागद घेऊन गेल्या, हेही खरं.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणायचंच, "आम्हाला काय करायचाय फंड? मुलगा आहे की म्हातारपणी." मग बाई डबा बाजूला सारत. "मुलगा ही मुदतठेव आहे की बुडीत खातं, ते त्याच्या लग्नानंतर कळतं. तोवर मी शून्य धरते." ज्यांना मुलगे होते त्यांचे घास हातातच राहत.

एकदाच त्यांच्या तोंडून "पुढे" हा शब्द ऐकला. शांताबाई म्हणून आमच्या शिपाईबाई होत्या, मूळच्या नातेपुत्याकडच्या. घंटा, पाणी, झाडलोट सगळं त्याच बघत. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही.

"आमची कुटली आलीय शिल्लक बाई," शांताबाई म्हणाल्या. "भणीकडं गावाला शेळ्या हायत, त्येवढ्याच."

"किती?"

"मी दोन ठिवल्या हुत्या. आता नऊ झाल्यात. दोन बोकडं इकली दिवाळीला, त्येचं डोरलं केलं."

बाईंनी खडूच्या तुकड्याने फळ्यावर शेळ्या मांडल्या. दोन शेळ्या मुद्दल, करडं व्याज, बोकड म्हणजे मधे काढलेली रक्कम. शेळीचा बाजारभाव विचारला, शांताबाईंचा पगार विचारला, वय विचारलं. मग फळ्याकडे पाहतच म्हणाल्या, "शांताबाई, तुम्ही हेडबाईंच्या पुढे आहात."

"आता गं बया," शांताबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा हंडा तिथेच ठेवून पळाल्या. हेडबाई तेव्हा दारातच होत्या.

हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. पण बाई हसायच्या नाहीत. हे कोष्टक आलं कुठून ते एकदा त्यांनी सांगितलं, तेही मी मूर्खासारखं विचारलं म्हणून. त्यांचे वडील कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना हार मिळाला, घड्याळ मिळालं, आणि गाठीला काहीच नव्हतं. मग ते आपल्या दोन भावांकडे चार-चार महिने राहू लागले. "धाकट्या काकूकडे त्यांचं ताट न्हाणीशेजारी मांडायचे," बाई म्हणाल्या. "पाटावर बसले की आत कुणी आंघोळ करत असलं तर शिंतोडे उडायचे. ते ताटावर हात धरून जेवायचे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. तुम्ही छत्तीसचे झालात ना? आठ वर्षं मागे. वाढतंय अंतर तुमचं."

शुक्रवार पेठेत त्या भावाच्या घरी राहत. भाऊ म्हणजे वसंतराव, त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. आई त्याच्या बाळंतपणातच गेली होती. बाईंनी त्याला वाढवलं, शिकवलं, नगरपालिकेत चिकटवलं, लग्न करून दिलं. पगारातला तिसरा हिस्सा दर एक तारखेला वहिनीच्या हातावर ठेवायच्या. उरलेल्यातला जवळजवळ सगळा पैसा फंडात जायचा. पावलीची भाजी चार दिवस पुरवायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात बारा महिने. वसंतरावांना त्या जेवताना सुद्धा "मागे आहेस" सांगत असत, हे त्यांनीच एकदा अभिमानाने सांगितलं होतं.

बाईंना अठ्ठावन्न पुरी व्हायला तीन महिने उरले होते. एका दुपारी वसंतराव ऑफिसात आले. गोरे, गुबगुबीत, बोलायला लाघवी. माझ्यासाठी कोपऱ्यावरून भजी बांधून आणली होती. बायकामुलांची चौकशी केली, पाणी किती दिवसांनी येतं यावर दोघांनी मिळून नगरपालिकेला शिव्या घातल्या. त्या त्यांनी जास्त घातल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "अक्काचं एकूण किती निघेल हो?"

फंडाच्या कागदावर वारस म्हणून त्यांचंच नाव होतं. सख्खा भाऊ. मी रजिस्टर काढलं आणि आकडा सांगितला. पै-पैसुद्धा सांगितली. त्यांनी तो सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी बाई माझ्यासमोर उभ्या होत्या.

"वसूला आकडा तुम्ही सांगितलात?"

"हो. म्हणजे, वारस आहेत म्हणून..."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत ऑफिसात मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं.

"विजापूर रस्त्याला त्याने प्लॉट घेतलाय," त्या म्हणाल्या. "इसार देऊन आठ महिने झाले. बाकीची रक्कम कुठून येणार ते त्याने तेव्हाच धरून ठेवलंय. नकाशाही काढलाय. काल मला दाखवला. मी विचारलं, यात मी कुठं? तर म्हणाला, अक्का, तू हवी तिथं झोप की." त्या थोडा वेळ माझ्या दौतीकडे बघत राहिल्या. "पंचवीस वर्षं मी त्याला मागे आहेस, मागे आहेस म्हणत होते. तो मागे नव्हताच. मला धरून तो बरोबर होता."

भज्यांचा कागद अजून टोपलीत पडला होता.

"वारसाचा फॉर्म द्या. नाव बदलायचंय."

मी फॉर्म दिला. जुनं नाव रद्द केल्याची सही त्यांनी तिथल्या तिथे केली, आणि नव्या नावाची जागा कोरी ठेवून तो मलाच परत दिला. "दोन दिवसांत सांगते."

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. फॉर्म माझ्या खणात पडून राहिला. बाई रोज मस्टरवर सही करायला येत आणि माझ्याकडे न बघता निघून जात. त्यांनी कुणाला वय विचारायचं सोडलं. स्टाफरूममधल्या बायकांना आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटू लागलं. एक-दोघींनी आपणहून पासबुकं पुढे केली. बाई म्हणाल्या, "छान आहे."

शेवटी जिल्ह्याच्या ऑफिसातून तंबी आली. कागद पुरे करा, नाहीतर रक्कम अडकेल. शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाईंना बोलावून घेतलं, फॉर्म समोर ठेवला आणि टाकात शाई भरून दिली.

बाईंनी टाक उचलला. मग खाली ठेवला.

"कुणाचंही चालतं?"

"हो. चुलत बहीण, मावशी..."

"वारल्या सगळ्या."

"एखादी संस्था? अनाथाश्रम वगैरे?"

"ते मला ओळखतात का?"

एकदा मनात आलं, म्हणावं, माझ्या मुलीचं लिहा. पण ते म्हणायला मला तोंड नव्हतं. भजी मीच खाल्ली होती. बाहेर सागरगोटे खेळणाऱ्या मुलींची शेवटची टोळी निघून गेली आणि व्हरांडा रिकामा झाला. बाई अर्धा तास तरी तशाच बसल्या असतील. सगळ्या गावाची शिल्लक तोंडपाठ असलेल्या त्या बाईंना लिहायला एक नाव सापडत नव्हतं.

मग त्यांनी टाक उचलला आणि एका दमात लिहिलं. वसंत विष्णू करकंबकर. नातं, भाऊ. वय विचारलं होतं तिथे आधी वय लिहिलं, मग जागा उरली म्हणून जन्माची तारीख लिहिली, मग वेळही लिहिली. पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

"बाई, वेळ नको असते त्यात."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "सुईण बाहेर आली ती त्याला माझ्या हातात देऊन परत आत आईकडे गेली. आईला मग मी पाहिलं ते झाकलेलंच. हा माझ्या परकराला धरून होता, सोडवेना. दुसरं नाव आठवायला बसलं की हेच आठवतं, मी काय करू?"

त्यांनी शाई टिपली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

निवृत्तीनंतर सात महिन्यांनी त्यांचा चेक आला. बाई तो घ्यायला भर दुपारी आल्या. पोच लिहून दिली, आकडा दोनदा वाचला. त्यांच्या कोष्टकात तो बरोबर बसत होता, किंबहुना चार महिन्यांचा पगार जास्तच होता. मी म्हटलं, "बाई, अभिनंदन." त्यांनी मान हलवली आणि खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. फाटकाशी वसंतराव उभे होते.

"मागचं दार उघडं असतं का आता?" त्यांनी विचारलं.

"शांताबाईंकडे किल्ली आहे. बोलावू?"

बाई थांबल्या. चेक पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, पिशवी पदराखाली. "नको," म्हणाल्या. "उन्हात उभा आहे तो."

मी खिडकीतच होतो. वसंतरावांनी छत्री उघडली. बाई त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच, त्यामुळे त्यांना हात पार वर करून छत्री धरावी लागत होती. दुसऱ्या हातात प्लॉटचे कागद होते. कोपऱ्यापर्यंत दोघं तसेच गेले. वळताना बाईंनी छत्रीची दांडी खाली ओढली आणि छत्री वसंतरावांच्या डोक्यावर नीट केली. स्वतः अर्ध्या उन्हात चालत राहिल्या.