खवलेमास्तर आणि दात असलेलं पाखरू

एका जंगलात, मुलांनो, शाळा होती. तुम्ही म्हणाल, जंगलात कसली शाळा? पण जंगलात राजा असतो, राजाचा दरबार असतो, दरबारात कोल्हा कारकून असतो, हे सगळं तुम्ही आजवर निमूट ऐकून घेतलंत. मग शाळेनंच काय घोडं मारलंय?

ही शाळा बेहड्याच्या झाडाखाली भरायची. तिथे खवलेमास्तर शिकवायचे. मास्तर जातीचे खवल्या मांजर. नावात मांजर असलं तरी अंगात मांजराचं काही नव्हतं. अंगभर खवले, हातभर जीभ, पुढच्या पायांना दणकट नखं. शाळा सुटली की नदीकाठची दरड उकरायची आणि वाळवी खायची, हा त्यांचा नेम. स्वभाव फार भिडस्त. कोणी मोठ्याने शिंकलं तरी मास्तर स्वतःची गुंडाळी करून बसायचे. मग पोरं त्यांना लोटत लोटत फळ्यापर्यंत आणायची.

एके दिवशी वाळवी शोधताना मास्तरांच्या नखाला एक चपटा दगड लागला. त्यांनी तो उचलून पुसला. दगडात एक पाखरू होतं. नुसती हाडं, पण एकूणएक शाबूत. पिसांचे ठसेसुद्धा उमटलेले. पाखराला पंख होते, पण पंखांना नखं होती. जबडा होता, आणि जबड्यात बारीक बारीक दात होते. मागे सरड्याला असते तशी लांबलचक हाडांची शेपटी होती.

मास्तर वाळवी विसरले. दिवस कलेपर्यंत त्या दगडापुढे बसून राहिले. घरी गेले ते उपाशीच.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "आज मी पाखरांचा पणजोबा पाहिला."

"बरं," खवलेबाई म्हणाल्या. "तो तरी जेवला का?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दगड वर्गात नेला. म्हणाले, "मुलांनो, फार फार पूर्वी अशी पाखरं होती. मग लाखो पिढ्यांत थोडा थोडा बदल होत गेला. दात गेले. शेपटीची हाडं आखडली. असं होता होता आजची पाखरं झाली. चिमणीसुद्धा, घारसुद्धा, आणि मोरसुद्धा."

चिमणीच्या पोरीने हळूच जिभेने दात चाचपून पाहिले. नव्हते.

आता शाळेतली गोष्ट घरी जाईपर्यंत कशी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुपारपर्यंत सगळ्या जंगलात एकच बोभाटा झाला. मास्तर म्हणतात, मोर सरड्याच्या पोटी जन्मला!

या जंगलात पिसारेशास्त्री नावाचे मोर होते. मोठे विद्वान. रोज सकाळी पाणवठ्यावर ते एक कथा सांगत. घडवणाऱ्याने हे सगळं जंगल एका सकाळी घडवलं. सर्वांत आधी मोर केला, कारण तेव्हा रंग ताजे होते. उरल्या रंगात पोपट, खंड्या वगैरे उरकले. रंग संपले तेव्हा कावळा केला. माती संपली तेव्हा भांड्याला चिकटलेली खरवडून साप केला. आणि भांडं धुतलं त्या गाळाचा रेडा केला. कथा इतकी रसाळ की ऐकताना सगळ्यांचे डोळे भरून येत. रेड्याचेसुद्धा.

त्या दिवशी शास्त्रीबुवा पिसारा फुलवून उभे होते. एवढ्यात एक सरडा आला. सोबत बायको आणि चौदा पोरं.

"नमस्कार काका," सरडा म्हणाला.

"कोण काका? कुणाचा काका?"

"आता लपवून काय उपयोग? शाळेत सिद्ध झालंय. म्हटलं, चार दिवस राहून यावं. पोरांना घराण्याची ओळख नको का व्हायला?"

शास्त्रीबुवांचा पिसारा खाडकन मिटला. एक पोरगं तोवर त्यांच्या पाठीवर चढलंसुद्धा होतं.

शास्त्रीबुवा तडक दरबारात गेले. वाघमहाराज नुकतेच जेवून आडवे झाले होते. ही त्यांची न्याय करायची वेळ.

"महाराज, माझ्या भावना दुखावल्या," शास्त्रीबुवा म्हणाले.

"कुठे दुखतंय?" महाराजांनी विचारलं.

"सर्वत्र!"

मग दरबार भरला. मास्तर दगड घेऊन आले. दगड त्यांनी घट्ट धरला होता. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "मास्तर, हे पाखरू जिवंत होतं तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"नव्हतो. पण हाडं होती. ती अजून आहेत. बघा ना."

"मला बघायची गरज नाही. मी कथा सांगतो ती माझ्या आजोबांनी सांगितली. त्यांना त्यांच्या आजोबांनी."

"आणि त्या आजोबांचे आजोबा तिथे होते?"

"आमच्या घराण्यात," शास्त्रीबुवा मान उंच करून म्हणाले, "आजोबांना उलट प्रश्न विचारत नाहीत."

दरबारात टाळ्या पडल्या. तेव्हा मागून हत्तीणआजी बोलल्या. आजी देवभोळ्या. रोज सूर्याला पाणी सोडल्याशिवाय पाला तोंडात घालायच्या नाहीत.

"मी अडाणी बाई," आजी म्हणाल्या. "पण एक पिल्लू घडवायला मला बावीस महिने लागतात. आणि त्याने सगळं जंगल एका सकाळी उरकलं? छे! इतकं घाईचं काम त्याचं नसेल. त्याने लाख लाख वर्षं घेतली असतील, आणि मास्तरांना सापडलंय ते त्याचं मधलं काम असेल. मग भांडण कशाला?"

हे बोलणं शहाणपणाचं होतं. त्यामुळे कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

महाराजांना झोप अनावर होत होती. ते म्हणाले, "पंजे वर करा. जे बहुमताला वाटेल ते खरं. आपल्याला घडवलं गेलं, असं कोणाकोणाला वाटतं?"

सगळे पंजे वर झाले.

"आणि बदलत बदलत आपण असे झालो, असं?"

कोल्हा कारकून मध्येच अदबीने म्हणाला, "महाराज, प्रश्न जरा बदलू या. आपला शेजारी बदलत बदलत असा झाला, असं कोणाला वाटतं?"

पुन्हा सगळे पंजे वर झाले.

महाराज वैतागले. "मास्तर! एका शब्दात सांगा. हा दगड खोटा आहे की नाही? खरा म्हणाल तर शाळा आजपासून बंद!" आणि चिडून त्यांनी एक डरकाळी फोडली.

मास्तरांनी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता, आणि जीभ लांब असल्यामुळे त्याला यायला वेळ लागत होता. तेवढ्यात डरकाळी झाली, आणि मास्तरांची गुंडाळी झाली. घट्ट, गोल, खवल्याला खवला लावून.

कारकुनाने दोन क्षण वाट पाहिली. मग त्याने वहीत लिहिलं, "मास्तर गप्प. गप्प म्हणजे कबूल." शाळा वाचली. सोमवार ते बुधवार जंगल एका सकाळी घडलं, गुरुवार ते शनिवार ते हळूहळू बदललं, आणि रविवारी सुट्टी, असं ठरलं.

"आणि या दगडाचं काय? फोडून टाकू?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"छे छे," कारकून म्हणाला. "फोडला तर लोक विचारतील, आत काय होतं? तुम्ही असं करा..." आणि तो शास्त्रीबुवांच्या कानाला लागला.

मास्तर उलगडले तेव्हा दरबार रिकामा होता. फक्त हत्तीणआजी बसून होत्या. "घरी चला मास्तर," त्या म्हणाल्या. "वाट उताराची आहे. तसेच गोल असतात तर मी लोटतच नेणार होते."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"मी भित्रा आहे," ते बायकोला म्हणाले.

"आहातच," खवलेबाई म्हणाल्या. "आपल्या जातीत शूरही होते म्हणतात. वाघ आला की छाती काढून उभे राहायचे. त्यांची नातवंडं दिसतात का कुठे? गुंडाळी करणारे मागे राहिले, म्हणून तुम्ही झालात, मी झाले. तुमच्या दगडातली विद्या ती हीच ना?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं शिकवत होते, पण असं त्यांना कधी मांडता आलं नव्हतं. तरीही त्यांचं समाधान झालं नाही. म्हणाले, "पुढच्या वेळी मी सगळ्यांसमोर बोलणार. मग वाघ काय करायचं ते करो."

इकडे आठ दिवसांत पाणवठ्याजवळ एक छोटं देऊळ उभं राहिलं. आत तो दगड. दगडाला बोटभर जाड शेंदूर. त्यात दात बुडाले, नखं बुडाली, शेपटी बुडाली. वर झेंडूची माळ. देवाचं नाव पंखेश्वर. पुजारी पिसारेशास्त्री. आतून दगड सरड्यासारखा दिसतो हे जुनेजाणते कुजबुजत होते, म्हणून सरड्याच्या घराण्याला घंटा वाजवायचा मान मिळाला. शास्त्रीबुवा आता त्यांना प्रेमाने "आमच्यातलेच" म्हणत.

त्या पावसाळ्यात एका तित्तिरीला पहिल्यांदा अंडी झाली. तिने नवस केला होता. झालं! मग काय विचारता. दूरच्या जंगलांतून रीघ लागली.

मास्तर हरले नाहीत. दरड उकरत राहिले. त्यांना पायवाला एक मासा मिळाला. तो वर्गात दाखवून होतो न होतो, तोच वाजतगाजत पालखी आली आणि मासा घेऊन गेली. मग पाय असलेला एक साप मिळाला. त्याचंही देऊळ झालं. मास्तर जितकं खणत, तितके देव निघत. वर्षभरात नदीकाठी सात देवळं उभी राहिली.

अखेर जंगलाने ठरवलं की मास्तरांचा सत्कार करायचा. मोठा मांडव घातला. वाघमहाराज अध्यक्ष. शास्त्रीबुवांनी स्वतः मास्तरांच्या खांद्यावर शाल घातली. ती खवल्यांत अडकून बसली. हातात नारळ दिला.

"या थोर भक्ताने," शास्त्रीबुवा म्हणाले, "नखं झिजवून सात देव धरतीतून बाहेर काढले. महाराज, आजपासून यांना भक्तशिरोमणी म्हणावं."

"म्हणावं!" महाराजांनी डरकाळी फोडली. मांडवाचा एक खांब हलला. पुढच्या रांगेतले ससे पळाले.

मास्तरांचं अंग आखडायला लागलं. पाठ वाकली. नाक पोटाकडे निघालं. पण मास्तरांनी दोन्ही नखं मातीत रुतवली, आणि सगळं बळ एकवटून ते ताठ उभे राहिले. शाल थरथरत होती. पण ते उभे राहिले.

"महाराज," मास्तर म्हणाले, "मी भक्त नाही. हे देव नाहीत. शेंदूर खरवडून बघा. पहिल्या देवळात दात असलेलं पाखरू आहे. ते आजच्या सगळ्या पाखरांच्या पूर्वजांपैकी आहे. शास्त्रीबुवांच्यासुद्धा. त्या दिवशी मी दरबारात गप्प बसलो ते कबूल होतं म्हणून नाही. मी घाबरलो होतो. आज सांगतो, दगड खरा आहे."

मास्तरांनी डोळे मिटले आणि वाघाच्या पंज्याची वाट पाहिली.

शास्त्रीबुवांनी पंखाने डोळे पुसले.

"ऐकलंत?" ते गहिवरून म्हणाले. "सात देव काढले, आणि म्हणतात, मी भक्त नाही! काय ही नम्रता! आणि शेवटचं वाक्य लक्षात घ्या. दगड खरा आहे! एवढी श्रद्धा आपल्यात आहे का?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मास्तरांचा आवाज पुन्हा कोणाला ऐकू आला नाही. ते बराच वेळ बोलत होते. नारळ हातात घेऊन, ताठ उभं राहून, अगदी मुद्देसूद बोलत होते. मागच्या रांगेत खवलेबाई एकट्याच टाळ्या न वाजवता ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर मास्तरांचं एक वाक्य कोरण्यात आलं. दगड खरा आहे.

तात्पर्य: मुलांनो, समोरच्याचा पुरावा खोडता आला नाही, तर त्याच्यावर दात-ओठ खाऊ नयेत. शाल आणि नारळ आणावा.