घरत सरांचे तीस सेकंद

घरत सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवतात. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून ऐकतात आणि खोली पास की नापास ते जाहीर करतात. आमच्या प्राचार्यांची केबिन नापास आहे. एकदा एका शोकसभेत शिरताना सवयीनं त्यांची टाळी वाजली आणि भाषण संपलं असं समजून मागच्या दोन रांगांनीही टाळ्या वाजवल्या. सरांना त्याचं काही नाही. "हॉल लय घुमतंय," एवढंच माझ्या कानात म्हणाले.

कोपरखैरण्याच्या आमच्या कॉलेजात ते ध्वनिमुद्रण आणि संगीत तंत्रज्ञान शिकवतात. मी कॉम्प्युटर शिकवते आणि त्यांच्या साऊंड लॅबची मशीनंही माझ्याच गळ्यात आहेत. सर इथल्याच खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी हळदी-लग्नांना स्पीकर लावायचे, तिथून स्टुडिओत गेले आणि स्टुडिओतून वर्गात आले. बोली मात्र कुठंच सोडली नाही. एका बड्या पाहुण्याला भर कार्यक्रमात म्हणाले, "माईक बरा हाय सायेब, पन तो खायचा नसतो."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे तीस सेकंद. रेकॉर्डिंगआधी सगळ्यांनी तीस सेकंद गप्प उभं राहायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. बोलणं कापून जोडलं की मधे खड्डे पडतात, ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. शास्त्र खरं आहे. पण कुणाच्या वाढदिवसाला केकवर सुरी टेकवून तीस सेकंद ताटकळत ठेवणं म्हणजे अतीच. कुणी हूं की चूं केलं की सरांचं बोट वर. "आधी खोलीला बोलू द्या!"

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकलही तेच. 'एक' नावाच्या फाईलचे पहिले पंचवीस सेकंद हेडफोनवर ऐकायचे, पुढे सर स्वतः ती थांबवायचे, आणि त्यात काय काय ऐकू येतं ते लिहायचं. फाईल लॅबबाहेर न्यायची नाही, हा दंडक. पोरं लिहायची, "काहीच नाही." सर लाल शाईनं लिहायचे, "परत ऐक." यंदा तुर्भ्याच्या सानिकानं लिहिलं, "पंखा. ठिबकणारा नळ. बांगड्या. आणि कोणीतरी हसू दाबतंय." सरांनी तिला दहापैकी दहा दिले, अख्ख्या वर्गाला वडापाव खिलवला आणि तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी म्हटलं, झालं, सर आता पुरते कामातून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत लॅबच्या मशीनची डिस्क भरली. मी साफसफाईला बसले. सरांच्या फोल्डरमध्ये शेकड्यानं फायली, नावं 'एक', 'दोन', 'तीन', आणि स्क्रीनवर बघावं तर सगळ्यांत जवळजवळ सपाट रेघ. त्यातली कुठलीशी उघडून ऐकली. पंखा. म्हटलं, चुकून चालू राहिलेली रेकॉर्डिंगं दिसतात. प्रॅक्टिकलची 'एक' यातलीच, हे डोक्यातच आलं नाही; सगळी पुसून टाकली आणि मोठं काम केल्याच्या आनंदात घरी जाऊन करंज्या तळल्या.

सुट्टीनंतर सर आले, मशीनसमोर बसले आणि मला हाक मारली. मी सांगून टाकलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"असू दे, मॅडम," ते म्हणाले. "पोरांना बोंबलून सांगतो, तीन-तीन कॉप्या ठेवा. आपल्या घरची कॉपी कोन करतंय?"

पुढचा आठवडाभर सरांनी एकदाही टाळी वाजवली नाही. वर्गात यायचे, शिकवायचे, जायचे. ज्या टाळीनं मी रोज दचकायचे, तिचीच वाट बघत बसायला लागले.

शेवटी मी वर्गात जाऊन पोरांसमोर हात जोडले, कुणाकडे त्या फायलींची कॉपी आहे का म्हणून. तास संपल्यावर सानिका मागे थांबली. "मॅडम, ओरडू नका हां. मला पहिल्यांदा काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून 'एक' मी पेन ड्राईव्हवर घरी नेलेली." आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडल्याबद्दल कुणाला मिठी मारली.

पेन ड्राईव्ह घेऊन तशीच सरांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, मी आत आले. घर नीटनेटकं आणि जवळजवळ रिकामं. वातावरण हलकं करायला मी म्हटलं, "सर, हे घर पास की नापास? वाजवा टाळी."

"हितं नाय वाजवत," ते म्हणाले. "हिच्या साड्या, गाद्या, कपाट, सगला लेकीकडं पाठवला. तवापासून घर घुमतंय."

मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी छोटा स्पीकर ठेवला. रेकॉर्डिंगचं पहिलं मशीन घेतलं तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग याच ओट्याशी केलं होतं, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, गप्प उभं करून. वहिनींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. "बोलन्याच्या रेकॉर्डिंगा ढीग हायेत," सर म्हणाले. "गप ऱ्हायलेली ही येकच."

मी माफी मागायला तोंड उघडलं. सरांचं बोट वर.

"आधी खोलीला बोलू द्या, मॅडम."

पंखा फिरला. नळ ठिबकला. बांगड्या किणकिणल्या आणि दाबून ठेवलेलं हसू नाकातून निसटलं. तीस सेकंद संपायला आले आणि वहिनींना काही राहवेना.

"झाला का वो?" स्पीकरमधून आवाज आला.

सरांनी ओट्यावर हात टेकले होते. ते हसत होते आणि डोळे वाहत होते.

"नाय," ते हळूच म्हणाले. "अजून नाय झाला."