तुमच्याकडे ढेकूण आहेत का हो?

दीड वर्षाच्या पोरीची नखं ती टक्क जागी असताना जी बाई कापू शकते, तिला या जगात काहीही अशक्य नाही! असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारपर्यंत होतं. पोरगी आत्ता झोपलीय, तोवर काय झालं ते भराभर सांगून टाकते.

मी किडे पाळते. हौस म्हणून नव्हे हो, नोकरी म्हणून! पिकांवरची कीड खाणारे किडे आमच्या प्रयोगशाळेत वाढवतात आणि मग बागांमध्ये सोडतात. बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेवरून मी कामावर परतले, तेव्हा सगळी लॅब एकाच किड्याभोवती गोळा झालेली. ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड. पण चित्रातल्यासारखा लालचुटुक, ठिपकेवाला नव्हे. मोहरीएवढा जीव, रंग बशीतल्या चहाच्या डागाचा. मुलगी दाखवायला आणली तर पाहुणे चहा न पिता उठतील असं रूप! पण तो निघाला नवाच. इतकी वर्षं सगळे त्याला त्याचा नेहमीचा चुलतभाऊच समजत होते, कारण दोघे बाहेरून अगदी हुबेहूब. आमच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लावून शोधून काढलं की हा वेगळा आहे. आणि खायला असा वस्ताद की द्राक्षांवरची पांढरी कीड त्याच्यापुढे ठेवावी आणि आपण नुसतं बघत राहावं. त्याचं एक छोटंसं कुटुंब मॅडमनी जिवापाड जपून वाढवलं होतं. पाळलेलं असं तेवढंच.

नेमकं तेव्हाच वरच्या लोकांनी लॅबच्या भिंती रंगवायला काढल्या. त्या वासात हे मोहरीचे दाणे तग धरणार नाहीत. एक दिवस कुठे ठेवायचे?

"मी नेते घरी!" मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी चष्मा नाकावर घसरवला. "अगं, पण तुझ्या घरी लहान मूल आहे ना?"

"म्हणून तर, मॅडम! चोवीस तास जागं असणारं घर आहे आमचं!"

खरं सांगू? मला ते किडे हवेच होते. रजेवरून आल्यापासून माझ्याकडे बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यापलीकडे काम नव्हतं. कुणी वाईट वागत नव्हतं. उलट सगळे इतक्या गोड आवाजात "तू नीघ गं, बाळ वाट बघत असेल" म्हणायचे, की दारामागे जाऊन रडावंसं वाटायचं. आता दाखवतेच म्हटलं!

तर गुरुवारी सकाळी जाळीच्या तीन पेट्या घेऊन मी घरी. प्रत्येक पेटीत एक लाल भोपळा, भोपळ्यावर कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी कीड, आणि त्या कापसात चरणारे आमचे तपकिरी लाडके.

सासूबाईंनी पेटीत वाकून पाहिलं. "अगं, नासलाय की हा! फसवलं तुला भाजीवाल्यानं."

"नाही आई, ती कीड मुद्दाम लावलीय."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग डबा भरून कामाला निघालेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "होतं रे असं बाळंतपणानंतर कुणाकुणाला. तू लक्ष दे."

मी त्यांना नीट समजावलं. पांढरं दिसतंय ती वाईट कीड, तपकिरी ठिपके आपले. पांढरं वाईट, तपकिरी चांगलं.

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच!" मी म्हणाले. लेकीनं, म्हणजे आमच्या भिंगरीनं, तेवढ्यात माझी चप्पल तोंडात घातली होती. शिकवणी तिथेच आटोपली.

दुपारी मॅडमचा फोन आला. भिंगरी फोन हिसकावते, म्हणून मी बाहेर जिन्यात येऊन बोलले. खणखणीत आवाजात, कारण आत्मविश्वास!

"हो मॅडम, घरात ढेकूण भरपूर आहेत! ... छे, कमी नाही पडणार, दिवसभर पुरतील! ... हो, पोरगी पण त्यांच्याशेजारीच खेळतेय, मजेत आहे!"

आता या पांढऱ्या किडीला आपल्या भाषेत पिठ्या ढेकूण म्हणतात, त्याला मी काय करू? आणि आम्ही लॅबमधले लोक लाडानं नुसतं ढेकूणच म्हणतो, त्यालाही मी काय करू? समोरच्या वहिनींचं दार चार बोटं उघडं होतं. ते सावकाश बंद झालं.

मी आत येऊन भिंगरीला वरण-भात भरवेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आग लागली होती. "तिसऱ्या मजल्यावर ढेकूण! घरच्यांना माहीत आहे आणि त्यांना आनंद आहे!" खालून गाद्या आपटल्याचे आवाज येऊ लागले. नवऱ्याचा ऑफिसातून फोन आला.

"अगं, ग्रुपवर लिहिलंय की आपण ढेकूण पाळतो."

"बरोबरच लिहिलंय की."

तो म्हणाला, "मी जरा उशिरा येऊ का?"

मी भिंगरीला काखोटीला मारलं आणि वहिनींची बेल वाजवली. त्यांनी साखळी न काढताच दार उघडलं.

"काल हीच पोर माझ्या सोफ्यावर लोळत होती ना गं!"

"वहिनी, ऐका तरी! ते साधे ढेकूण नाहीत. पिठ्या ढेकूण आहेत!"

"पिठात?" वहिनींनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! पिठातसुद्धा?" आणि त्या स्वयंपाकघराकडे धावल्या. पाचव्या मिनिटाला ग्रुपवर नवा निरोप आला. "सर्वांनी आपापले पिठाचे डबे तपासावेत."

बिल्डिंगभर पिठाचे डबे उपडे झाले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तिथे खरोखरच्या अळ्या सापडल्या, त्याही माझ्याच नावावर जमा झाल्या. आणि तासाभरात पाठीला टाकी, तोंडाला फडकं अशा थाटात पेस्ट कंट्रोलवाला दारात हजर!

"ताई, उघडा. तुमच्यापासूनच सुरुवात करायला सांगितलंय."

त्या टाकीतला एक फवारा, आणि मॅडमची सगळी मेहनत, बागायतदारांची आशा आणि माझी नोकरी एका झटक्यात आडवी! मी आत ओरडले, "आई! पेट्या बाथरूममध्ये न्या, दार लावून घ्या आणि जिवापाड सांभाळा! भिंगरीलाही न्या!" आणि चौकटीत दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"एक थेंबसुद्धा आत येऊ देणार नाही!"

"ताई, घाबरू नका. आपलं औषध साधं आहे. लहान मुलांना चालतं."

"किड्यांना चालतं का?"

"किड्यांना कसं चालेल? मग मी धंदा काय करू?"

"हे बघा, माझ्या घरात किडे आहेत."

"म्हणून तर आलोय!"

"पण ते मला हवेत!"

त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं आणि मला नीट न्याहाळलं. "पंधरा वर्षं हा धंदा करतोय ताई," तो म्हणाला. "असं पहिल्यांदाच ऐकलं."

आम्ही भांड भांड भांडलो. जिन्यात सगळी बिल्डिंग जमली. शेवटी मी त्याला कीड खाणाऱ्या किड्याची सगळी गोष्ट अशी काही सांगितली, की तो हात जोडून म्हणाला, "तुमचं घर सोडतो. बाकी सगळी मारतो." आणि त्यानं खरंच बाकी सगळी बिल्डिंग धुऊन काढली. घरं, जिने, गॅलऱ्या, कुंड्या, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि रणांगण जिंकून आल्यासारखी बाथरूमचं दार उघडलं.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. हातात ओलं फडकं. भिंगरी पालथ्या बादलीवर बसून टाळ्या पिटत होती. आणि समोर तीन भोपळे असे लखलखत होते, की मला त्यात माझा चेहरा दिसला. तो चांगला दिसत नव्हता.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या. "तू तिकडे एकटी लढतेयस, म्हटलं आपणही काहीतरी करावं. सगळं पांढरं पुसून काढलं. तपकिरीला मात्र धक्का नाही हो! एकेकाला भिंगरीच्या रंगाच्या ब्रशनं अलगद बाजूला घेतलं, मग खालचं पुसलं."

"आई," मी भिंतीला टेकले. "ते जेवण होतं त्यांचं."

"ती घाण?"

"आणि त्यातली काही... त्यांची पिल्लं होती."

हे मी सांगायलाच विसरले होते. या ढालकिड्याची अळी किडीसारखाच पांढरा कापूस अंगावर घेऊन किडीतच फिरते. ओळखू येऊ नये म्हणूनच तो वेष! आणि तो इतका छान जमला होता, की अख्खी पुढची पिढी मोरीतून वाहून गेली होती.

सासूबाईंनी हातातलं फडकं हळूच खाली ठेवलं. "पिल्लं होती?" त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. "अगं, मला काय माहीत गं..." मीही तिथेच ओल्या फरशीवर बसले. भिंगरी एकदा आजीकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "भू." म्हणजे पाणी. खरंच होतं, दोघींच्याही डोळ्यांत होतं.

पण रडायला वेळ कुठे होता? मोठे किडे जिवंत होते आणि रिकाम्या भोपळ्यांवर गरागरा फिरत होते. सकाळपर्यंत उपाशी राहिले तर तेही गेले! लॅबला कुलूप. म्हणजे कीड शोधायची ती आसपासच. कुणाच्या तरी कुंडीवर असणारच.

आणि मग, वाचकहो, जी बाई दुपारभर "ते साधे ढेकूण नाहीत" म्हणून घसा फोडत होती, तीच बाई संध्याकाळी कडेवर पोर घेऊन दारोदार विचारत फिरली, "तुमच्याकडे ढेकूण आहेत का हो?"

दारं तोंडावर आपटली. एका काकूंनी तर "अजून हवेत?" असं म्हणून देवाचं नाव घेतलं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "स्वतःचे मोजायला आलीस का? सगळे मेले!" नवरा घरी आला, त्यालाही मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाठवलं. तिथल्या वॉचमननं त्याला फाटकाबाहेर आणून सोडलं.

मी जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसले असताना समोरचं दार चार बोटं उघडलं.

"शुक! आत ये. दार लाव."

वहिनींनी मला गॅलरीत नेलं, कपडे धुण्याच्या मशीनमागची चादर ओढली. मागे जास्वंदीची कुंडी! आणि फांद्या कशा, बर्फ पडल्यासारख्या पांढऱ्या!

"त्या माणसापासून लपवली," वहिनी कुजबुजल्या. "मीच ग्रुपवर एवढं लिहिलं, आणि कीड माझ्याकडेच निघाली म्हटल्यावर तोंड कुठे दाखवू? ने बाई. पण कुणाला बोलू नकोस."

मी त्यांना अशी मिठी मारली, की मध्ये सापडलेल्या भिंगरीनं दोघींनाही ओरबाडलं.

कुंडीवर जुनी मच्छरदाणी टाकली, आत आमचे उपाशी जीव सोडले. ते किडीवर तुटून पडले! सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या त्या उठेनात. "जेवतायत गं! तो बघ, तो कोपऱ्यातला, कसा मटामटा खातोय! तुझ्या लेकीनं तरी असं खावं!"

सकाळी मच्छरदाणी उचलली आणि माझा विश्वासच बसेना. किडे कमी नाहीत, वाढलेत! चांगले डोळ्यांत भरण्याएवढे वाढलेत! मी कुंडीसकट लॅबमध्ये पोचले आणि दारातूनच ओरडले, "मॅडम! पिल्लांचं जरा वाईट झालं. पण मोठे बघा, आणले त्यापेक्षा जास्त!"

"एका रात्रीत मोठे किडे वाढले?" मॅडम कुंडीकडे बघत राहिल्या. "जास्वंद कुणाची?"

"शेजारची."

"त्यावर कीड किती दिवसांपासून होती?"

"खूप दिवसांपासून, मॅडम! नशीबच आपलं!"

"मग ती खाणारे," मॅडम फार शांतपणे म्हणाल्या, "तिथे आधीपासूनच असणार ना गं?"

होते. तेच! बाहेरून हुबेहूब असणारे नेहमीचे चुलतभाऊ. मच्छरदाणीखाली रात्रभर सगळं गोत्र एका पंगतीला बसलं होतं. त्यांतले आपले कुठले आणि जास्वंदीचे कुठले, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"पण मॅडम, ओळखायचा काहीतरी मार्ग असेलच की!" मला हुंदका आवरेना.

"आहे ना. पोट उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली."

"पोट उघडून? जिवंतपणी?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून मी प्रत्येक किड्याला वेगळी डबी दिलीय. रोज सकाळी एकेकाला खाऊ घालते, एकेकाची विचारपूस करते, आणि कुणी गेलंच तर डोळे पुसून त्याला मॅडमकडे घेऊन जाते.

काल पहिला सापडला. शंभर टक्के आपला! मॅडमनी उठून माझा हात हातात घेतला, सगळ्या लॅबनं टाळ्या वाजवल्या. सत्कारमूर्ती तेवढा काचेवर पाय वर करून पडला होता.